पहिल्या आखाजीची घागर

"पारोळं गेलं," आई बसमधून फोनवर म्हणाली. "आते एरंडोल येईल. पोरनं आंग कसं शे?"

माझ्या उजव्या हातात डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, कोरायचा गोल चमचा होता. किमू पायाशी फरशीवर बसून डांगराच्या बिया एकेक करून वाटीत टाकत होती. ती गुणगुणत होती, अधूनमधून एखादी बी चाटून बघत होती. तिच्या अंगाला काहीही झालेलं नव्हतं. मी म्हणाले, "आहे थोडं कोमट." ताप आहे म्हणवेना आणि नाही म्हणवेना, म्हणून जीभ मधेच कुठेतरी टेकली. पलीकडे बसच्या काचा खडखडत होत्या, कंडक्टर कुणावर तरी खेकसत होता. "एवढ्या उन्हाची कशाला निघालीस गं?" मी म्हणाले. "मंग काय करू? सणना दिवस, घरमा एकली. डोळासमोर पोरच ये. अंगवरथून वल्ला फडका फिराव तिले, मी ऊनू." फोन बंद झाला. मी चमचा डांगरात खुपसला, फिरवला, आणि केशरी गोळा ताटलीत टाकला. आधीचे गोळे शेजारी शेजारी बसले होते, त्यांच्याच पाण्यात. फ्रीजरमधे त्यांचे बर्फासारखे खडे व्हायला हवे होते. पण दुपारीच लाइट गेली होती आणि जळगावच्या वैशाखात लाइट गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट उरतं.

मला आधी जे सुचलं ते हे, की आई यायच्या आत साल खाली टाकून यायला हवं. नंतर सुचलं, की आईला बसस्टँडवर घ्यायला जायला हवं. आणि कितीतरी वेळाने सुचलं, की ती उन्हातून येते आहे. माणसाच्या मनाचा हा क्रम बाहेरून कुणाला दिसत नाही हे बरं आहे. मला दिसतो. मी दिवसभर नजर ठेवून असते. गॅसच्या बटणावर, बाल्कनीच्या गजांमधल्या फटींवर, किमूच्या श्वासावर, ती झोपली की तिच्या पोटाच्या वरखाली होण्यावर. भूषण म्हणतो, तू आई नाहीस, वॉचमन आहेस. तो हसून म्हणतो. पण मी स्वतःवरही तसाच पहारा देत असते, आणि ह्या आठवड्यात माझ्याच डोळ्यांदेखत मी फोनवर म्हणाले होते, "आई, आखाजीला नाही जमणार गं. किमूला ताप आहे."

दुसरं काहीही म्हणता आलं असतं. भूषणला सुट्टी नाही, पाहुणे आहेत, माझं डोकं दुखतंय. पण आईपुढे ही कारणं टिकत नाहीत. तिने एकेक सोललं असतं आणि आतून मी निघाले असते. पोरीचा ताप मात्र कुणी सोलत नाही. म्हणजे मी विचार करून निवडलं होतं. फोन ठेवल्याबरोबर किमूच्या कपाळाला हात लावला, आणि तेव्हापासून लावतेच आहे. सकाळी उठल्यावर, जेवताना, ती खेळत असताना मागून जाऊन. थर्मामीटर काखेत धरून ती कंटाळली आहे. बोललेलं खरं होतं असं आमच्या धुळ्याच्या गल्लीतल्या बाया म्हणत. मी बीएस्सीला केमिस्ट्री घेतलेली मुलगी, त्यावर विश्वास ठेवत नाही. फक्त हात लावून बघते.

खरं कारण भूषणचे नवे साहेब. पुण्याहून बदलून आलेत. साहेबांच्या मिसेसना जळगावात कंटाळा येतो, असं कुणीतरी भूषणच्या कानावर घातलं. आखाजीच्या सुट्टीला संध्याकाळी घरीच बोलावू, जरा वेगळं काहीतरी करू, तो म्हणाला. नाशिकहून स्पार्कलिंग वाइनच्या दोन बाटल्या मागवल्या. इथवर त्याचं. पण तळाला कैरीच्या पन्ह्याचा घट्ट अर्क, त्यावर ती वाइन, बर्फाऐवजी डांगराचे गोठवलेले गोळे, ग्लासच्या काठाला साखर आणि चिमूटभर जिरं, हे सगळं माझं. मीच सुचवलं, मीच उत्साहाने बोलत सुटले. भूषण बघत राहिला, म्हणाला, "तुला बरंच कळतं गं ह्यातलं." मला कळत होतंच. मी सोडावाल्याची मुलगी आहे.

धुळ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत नानांचं सोड्याचं मशीन होतं. हिरव्या काचेच्या गोटीच्या बाटल्या लोखंडी चौकटीत आडव्या बसवायच्या, गॅस सोडायचा आणि हँडल मारून चौकट गरागरा फिरवायची. एखादी बाटली फुटायची, म्हणून नाना अंगाला गोणपाट गुंडाळून उभे राहत. त्यांच्या डाव्या भुवईत एक काच येऊन गेली होती, तिथे केस उगवत नसत. मला लांब उंबऱ्यावर बसायची परवानगी होती. "सरबत आधी, सोडा नंतर," ते गिऱ्हाइकाला देता देता मला शिकवायचे. "ग्लास तिरपा. भिंतीवरून उतरू द्यायचं त्याला. वरून ओतलास तर जीव जातो त्याचा." मग भरलेला ग्लास माझ्या कानाशी धरायचे. आत सरसर, सरसर, जसा लांबवर पाऊस. संध्याकाळी बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माणसं यायची, चार चार बाटल्या सोडा न्यायची. नाना पैसे घेताना दुसरीकडे बघत. स्वतः थेंबाला शिवले नाहीत. "माझा सोडा पुढं कुठं जातो ते मी बघत नाही," म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, केवढे सरळ आहेत नाना. आता वाटतं, न बघणं मी त्यांच्याकडूनच उचललं असेल.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. किडन्या थांबल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. जगदीश, माझा भाऊ, बंगळुरूहून येऊन जाऊन होता. आईच्याने नाही म्हणवत नव्हतं. नानांनी नुसते ओठ हलवले की तिचा हात तांब्याकडे जाई. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी नजर ठेवणारी. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मी त्यांना पाणी पाजायची आणि टोपण पुसून ठेवायची. जन्मभर सगळ्या गल्लीला थंडगार पाजणारा माणूस त्या टोपणाकडे बघायचा, मग माझ्याकडे. रागाने नाही. "रोहे, आज गर्दी फार शे का दुकानमा? घरच्यासले उरत नई?" असं एकदा म्हणाले. गुंगीत असतील. मी म्हणाले, "हो नाना, गर्दी आहे." डॉक्टर म्हणाले तुम्ही अगदी बरोबर केलंत. मी अगदी बरोबर केलं.

म्हणून ह्या आखाजीला आई इतकी मागे लागली होती. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतात, वर डांगर ठेवतात, नाव घेऊन पाणी देतात. पहिल्या आखाजीची घागर तर चुकवायचीच नाही, त्या पाण्याची तो वाट बघत असतो म्हणे. जगदीशला सुट्टी मिळाली नव्हती. "लेकनी भरी तरी चालस," आई म्हणाली. "तुन्हाच हातनं दे त्यासले. पोटभर." हा शेवटचा शब्द तिने मुद्दाम घातला नसेल. ती मुद्दाम काही करत नाही. पण मी तो ऐकला, आणि मला एकदम किमूचा ताप सुचला. भूषणचे साहेब तर होतेच, पण ते नसते तरी मी गेले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.

आईने तरी माघार घेतली नाही. काल प्रेमराजभाऊ, माझा चुलतभाऊ, केळीच्या गाडीचं काही काम होतं म्हणून इकडे आला, तर त्याच्याकडे तिने घागर आणि डांगर दोन्ही पाठवलं. "काकूनी सांगेल शे, तठेच भरजो म्हने," तो दारातूनच म्हणाला. "पोरगी तर मस्त खेळी राहिनी व!" मी म्हणाले, आत्ताच उतरलाय. तो हसला आणि पाणी पिऊन गेला. घागर लालभडक होती, बोटाने वाजवली की घंटेसारखी वाजत होती. सकाळी भरू म्हटलं. सकाळी भूषणने पडदे बदलायला काढले. मग दुपारी भरू म्हटलं. दुपारी लाइट गेली. गरम झालेल्या वाइनचं बूच काढलं तर सगळी छतावर जाते, हे मला भूषणपेक्षा जास्त माहीत. नवी घागर पाझरते आणि पाझरता पाझरता आतलं पाणी गार करते. बाल्कनीच्या दाराशी जिथे वारा लागतो तिथे मी ती ठेवली, काठोकाठ भरली, आणि दोन्ही बाटल्या मान वर ठेवून आत सोडल्या. ते करताना मला काहीच वाटलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघते. थोडी शरम, एखादी कळ, निदान हात थबकणं. नाही. उलट, युक्ती सुचली म्हणून बरं वाटलं. गोळ्यांसाठी डांगर हवं होतं, ते समोरच होतं. तेही कापलं.

आणि आईचा फोन येऊन गेल्यावर, ती एरंडोलच्या अलीकडे कुठेतरी उन्हात असताना, मी एक बाटली घागरीतून काढून उघडली. पाहुण्यांआधी एक ग्लास करून बघायलाच हवा होता, हे कारण खरं आहे. खरी कारणं माझ्याकडे नेहमी असतात. तारेची टोपी सोडवली, बूच धरून बाटली हळूच फिरवली, आवाज न होता नुसता सुस्कारा येईपर्यंत. तळाला पन्हं घातलं. ग्लास तिरपा केला. भिंतीवरून उतरू दिलं. पिवळ्या पन्ह्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर निघाल्या, डांगराचा गोळा उचलला गेला, फिरला, स्थिरावला. सुंदर होतं ते. मी ग्लास कानाशी धरला. सरसर, सरसर. डोळे मिटल्यावर पुढची खोली, गोणपाट, ओली फरशी, आणि कुणीतरी लांबून म्हणतंय, आता पी. मी प्याले. आंबट, गार, नाकात चढणारं. अर्धा ग्लास संपला तेव्हा किमू माझ्याकडे बघत होती. "मला," ती म्हणाली. मी ग्लास वरच्या फळीवर ठेवला, वेलदोडा तोंडात टाकला आणि तिच्या कपाळाला हात लावला.

बेल लाइटीवर चालते, म्हणून आईने कडी वाजवली. एवढ्यात कशी आली? मी उघडी बाटली ओट्याखालच्या कपाटात सरकवली, घागरीतली दुसरी ओढून काढली. ती हातातून माशासारखी निसटत होती. ती वॉशिंग मशीनमधे टाकली. डांगराच्या सालीवर ताट पालथं घातलं. तेवढ्यात पुन्हा कडी वाजली, हळू, उशीर होतोय म्हणून नव्हे तर पोर झोपलेलं असेल म्हणून वाजवावी तशी.

दारात ती लहान दिसत होती. पदर डोक्यावरून कानांभोवती घट्ट गुंडाळलेला, चेहरा विटेसारखा, ओठांवर पांढरी साय. "पोर कुठं शे?" चपला काढता काढता ती आत आली आणि थेट फरशीवर बसली. किमूच्या कपाळावर हात ठेवला, मग गालांवर, फ्रॉकच्या आत पोटावर, शेवटी तळपाय हातात धरले. किमूला गुदगुल्या झाल्या. "आज्जी, बी," म्हणून तिने डांगराची एक ओली बी तिच्या तळहातावर ठेवली. आईने ती बी पाहिली. मग पुन्हा एकदा कपाळावर हात ठेवला, ह्या खेपेला बराच वेळ. मी भिंतीला टेकून उभी होते. वाटलं, आता बोलेल. बोलली तर बरं होईल.

"गार शे," ती म्हणाली. "उतरना ताप." आणि भिंतीला पाठ टेकून तिने डोळे मिटले. "आते पानी दे माले."

"आधी घ्यायचं ना गं, बसमधे नव्हतं का जवळ?"

"व्हतं ना. सकायपाईन नई पिनू. म्हनं, पोरना ताप उतरो, मंग पिसू."

मी ऐकलं. धुळं, फागणे, पारोळं, एरंडोल. डांबर वितळवणारं ऊन, मांडीवर पिशवी, पिशवीत भरलेली पाण्याची बाटली, आणि नसलेल्या तापासाठी कोरडा पाडलेला घसा. फ्रीजकडे धावले. पाण्याच्या बाटल्या काल मीच बाहेर काढल्या होत्या, तिथे ग्लास मांडले होते उलटे, गार व्हायला. फिल्टरला लाइट नव्हती, त्याच्या टाकीतलं पाणी चहाइतकं कढत. तेच भांड्यात घेऊन आले. आईने बोट बुडवलं आणि भांडं बाजूला ठेवलं. "हाई नको. घागर भरी ना तू? तेमानंच दे." मी काही बोलायच्या आत ती हाताचा टेकू घेऊन उठली, ओट्यावरचा तांब्या उचलला आणि बाल्कनीच्या दाराशी गेली. घागर ओली, गडद, पाझरून खाली गोल डाग पडलेला. तिने तिला आधी हात लावून नमस्कार केला. मग तांब्या बुडवला.

तांब्यात पाण्याबरोबर कागद आला. सोनेरी कडेचा, द्राक्षाच्या वेलीचं चित्र असलेला, अख्खाच्या अख्खा. बाटलीवरून सुटून तो पाण्यात तरंगत राहिला होता. म्हणून ती हाताला बुळबुळीत लागली होती.

धुळ्याच्या मोरीत एक पत्र्याचा टब होता. हाशमचाचा भंगारातल्या रिकाम्या बाटल्या आणून द्यायचे, नाना त्यात गुलाबाचं आणि वाळ्याचं सरबत भरून विकत. तसल्या बाटल्या. आई त्या भिजत घालायची, आणि आम्ही दोघी टबाशी बसून लेबलं सोडवायचो. फाटू न देता सोडवायची अशी आमची पैज असे. अख्खं निघालेलं लेबल मी मोरीच्या भिंतीवर चिकटवायची. घोडे, किल्ले, मुकुट, सोनेरी अक्षरं. अशी भिंत भरली होती. कशाची लेबलं आहेत हे मला फार उशिरा कळलं. आईला तेव्हाही माहीत होतं.

तिने दोन बोटांनी कागद उचलला. उलट बाजूचा डिंक अंगठ्याने चाचपला. मग ओट्यामागच्या फरशीवर तो थापला, आणि तळहाताने वरून खाली सारखा केला, सुरकुती राहू नये असा. "चांगलं भिजनं," ती म्हणाली. "फाटनं नई." आणि तांब्या वर धरून प्यायली. ओठ न लावता, धार सोडून, घशाची घाटी वरखाली होत होती, हनुवटीवरून पाणी ब्लाउजवर सांडत होतं. तांब्या रिकामा करून तिने खाली ठेवला, तोंड पुसलं, पालथ्या ताटाकडे पाहिलं.

"डांगर गोड निंघनं का?"

"हो."

"माले वाटनंच. देठले वास चांगला व्हता." मग जवळ आली, माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "येलदोडा खादा का तू?"

"आई," मी म्हणाले. पुढचे शब्द रांगेने उभे होते, भूषणचे साहेब, लाइट, गरम बाटल्या, सगळे खरे.

"घागर भरताना नाव लिन्हं का त्यासनं?"

"नाही."

"मंग आते ले."

कडी वाजली. बाहेर भूषणचा आवाज, पाहुण्यांसमोरचा, अर्धा सूर वर चढवलेला. "रोहिणी! अगं, साहेब आलेत. खालीच भेटले बघ!" मग एक बाईचं हसणं, आणि बर्फाच्या पिशवीचा दाराला लागलेला धक्का. आईने पदर सारखा केला. तिची भाषाही सारखी झाली, जावयासमोर होते तशी. "थांबा हं भूषणराव, आले, पोरगी झोपते आहे," ती दाराकडे तोंड करून म्हणाली, पण दाराकडे गेली नाही. तांब्या माझ्या हातात दिला. आणि हळू, नुसत्या श्वासाने, "मोजू नको."

मी तांब्या बुडवला. बाल्कनीत तुळशीची कुंडी आहे, तिच्यावर धरला. वडिलांचं नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नव्हतं. फॉर्मवर लिहिलेलं, मधल्या रकान्यात. "रुपचंद," मी म्हणाले, आणि ते गल्लीतल्या कुणालातरी हाक मारल्यासारखं वाटलं. पाणी मातीत जिरलं. दुसरा तांब्या. माती भरली, पाणी वर उभं राहिलं, त्यावर बारीक फुगे येऊन फुटले. तिसरा. नंतर मोजणं सुटलं. पाणी कुंडीच्या काठावरून वाहिलं, बाल्कनीच्या फरशीवर पसरलं, माझ्या पायांखालून गेलं, खाली पार्किंगमधे कुणाच्या तरी गाडीच्या टपावर पडू लागलं. कडी पुन्हा वाजली. तांब्या घागरीच्या तळाला खरवडायला लागला तेव्हा मी घागर दोन्ही हातांनी उचलली आणि उपडी केली.

दार उघडलं ते आईने. "या, या," ती म्हणत होती, "नातीला जरा ताप होता, उतरला आता. मी रोहिणीची आई. धुळ्याहून." अगदी सहज. माझं खोटं तिने स्वतःच्या अंगावर घेतलं, पिशवी घ्यावी तसं. भूषण काहीतरी पुटपुटला. कसला ताप, असं विचारायला त्याचं तोंड उघडलं असेल आणि मिटलं असेल. मला तिकडे बघायचं नव्हतं. किमू बाल्कनीच्या उंबऱ्यावर उभी राहून वाहत्या पाण्यात पाय आपटत होती. मी तिला उचललं, सवयीने कपाळावर हात ठेवला.

गरम लागलं.

घागर धरून माझे हात बर्फासारखे झाले होते. त्या हातांना काहीही गरम लागलं असतं. आणि आईचा हात उन्हातून आलेला, त्याला काहीही गार लागलं असतं. मी हात साडीला पुसला, परत ठेवला. बाहेर भूषण ग्लास मागत होता. मी पोरीचं कपाळ माझ्या गालाला लावून उभी राहिले, हात कधी आपल्या उबेवर येतो त्याची वाट बघत.